कंडक्टरकाकांची माती

“कंडक्टर मातीले गेले,” खालून शेजारच्या शीलाकाकूंचा आवाज आला. घरमालकांचं दूध आज आपल्याकडेच ठेव, ते दुपारशिवाय यायचे नाहीत, असं त्या दूधवाल्याला सांगत होत्या.

मी जिन्यात उभी होते. नोकरीसाठी साकोलीच्या त्या घरात वरच्या खोलीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. घरमालकांशी मी अजून एक वाक्यही बोलले नव्हते; खोली ठरवताना जे बोलायचं ते बाबाच बोलले होते. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना मी त्यांच्या कुंड्या पाहिल्या होत्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे, काठ फुटलेले माठ, तळ गेलेला एक कुकर, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेला मातीचा ढीग. तेव्हा ‘मातीले गेले’ याचा मला एकच अर्थ लागला. बोलायला विषय मिळाला म्हणून मला बरंही वाटलं.

दुपारी ते फाटकातून आत आले. केस ओले, खांद्यावर ओला पंचा, हात रिकामे. मी जिन्यातूनच विचारलं, “काका, आणली का माती?”

ते थांबले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. “नाही जी,” ते म्हणाले. “ती द्याची असते. आनाची नसते.”

संध्याकाळी शीलाकाकूंनी हसू दाबत मला समजावलं. डेपोतले त्यांच्या जोडीचे एक ड्रायव्हर वारले होते, काका त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. इकडे त्याला मातीला जाणं म्हणतात. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, मराठी मार्कांपुरतं. पुस्तकात मातीला एकच अर्थ होता. त्यानंतर बरेच दिवस मी गच्चीवर कुणी नसेल तेव्हाच जात असे. काकांनी तो विषय एकदाच काढला, तोही जाता जाता. “मॅडम, कुंडीच्या मातीले जाइन तवा तुमाले सांगून जाइन.”

पण कुंडीच्या मातीला ते कधीच गेले नाहीत. नवीन माती त्या गच्चीवर चढायचीच नाही. मी तिथं राहिले त्या काळातलं त्यांचं सगळं दुःख म्हणाल तर या एकाच गोष्टीतून आलेलं होतं.

त्यांचं नाव देवाजी, पण ते फक्त दारावरच्या पाटीला माहीत होतं. गल्ली त्यांना कंडक्टर म्हणायची. सगळी नोकरी लाल गाडीत, साकोलीहून सानगडी, एकोडी आणि आसपासच्या खेड्यांच्या फेऱ्यांवर गेलेली. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी शरीर गाडीतून उतरलं नव्हतं. स्वयंपाकघरात चहा गाळतानाही पाय फाकवून, पाठ कशाला तरी टेकवून उभे राहायचे, जणू आता वळण येणार आहे. दारात दोन माणसं आली तरी म्हणायचे, “पुढं सरका, मधात जागा आहे.” आणि बोलणं संपलं की जे काही जवळ असेल, दार, कठडा, पाण्याची टाकी, त्याच्यावर बोटानं दोनदा टकटक करायचे. म्हणजे गाडी सोडा. मला बोलणं संपवता येत नाही, उगाच उभी राहते. त्यामुळे त्यांची ती टकटक मला फार सोयीची वाटायची.

सकाळी ते गच्चीवर तपासणीला यायचे. हातात जुना टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याचा डबा. एकेक पान उलटं करून पाहायचे. मिरचीच्या शेंड्याला मावा, जास्वंदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या, टोमॅटोखाली हात लावला की भुरकन उडणारी पांढरी माशी. ते सगळ्यांना एकाच नावानं ओळखायचे, बिनतिकिटे. “पाहा ना, कसे दांडीले चिपकून बसले,” म्हणत ब्रशनं त्यांना खरडून काढायचे. “उतरा. सारे उतरा.” साबणानं भागलं नाही तर तंबाखूचं पाणी. पूर्वी ते स्वतः तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे. बायकोनं तो सोडायला लावला होता. आता पानठेल्यावरून नुसता तंबाखू आणून भिजवायचे आणि फवारताना म्हणायचे, “मले मना केलं अन् तुमाले फुकट भेटून राहिला. मजा आहे.” तो वास माझ्या खोलीत यायचा. मी खिडकी लावून घेत नसे, त्यांना वाईट वाटेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी बिनतिकिटे पुन्हा जागेवर असायचे. काका त्यावर रागवत नसत. वरचे किडे उतरवता येतात हे त्यांना माहीत होतं. जे खाली, मातीत होतं, त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

ती माती अनसूयाबाईंची होती. त्या त्यांच्या पत्नी. मी तिथं जाण्याआधीच वारल्या होत्या. त्यांचं माहेर एकोडीचं. वडिलांच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, पाणी द्यायला शेतातच एक बोडी होती, लहानसं तळं. उन्हाळ्यात ती आटली की तळाचा काळा गाळ भेगाळून वर यायचा. माहेरी गेल्या की अनसूयाबाई तो गाळ सिमेंटच्या पोत्यात भरून, एसटीत घालून साकोलीला आणायच्या. एकदा नेमकी काकांचीच फेरी होती. पोतं गाडीत चढलं, आणि काकांनी भर गाडीत स्वतःच्या बायकोला सामानाचं तिकीट फाडलं.

हा किस्सा शीलाकाकू काकांसमोरच सांगायच्या, अनसूयाबाईंचा आवाज काढून. काका अपराध्यासारखे ऐकायचे आणि दरवेळी तोच बचाव करायचे. “मधात तपासनीस चढला असता तं?”

“चढला का?”

“नाही.”

“मंग?”

“मंग काय. त्या दिवसापासून बाई मागच्या गाडीनं येत गेली. त्या गाडीचा कंडक्टर तिले वहिनी म्हने अन् पोतं फुकट आने.”

असं करत करत वर्षानुवर्षं ती बोडी पोत्यापोत्यानं गच्चीवर आली. पुढे भावांनी शेत विकलं. घेणाऱ्यानं बोडी बुजवली. आता तिथं लग्नाचं लॉन आहे; प्लास्टिकची कमान आणि हिरवा गालिचा. म्हणजे एकोडीची ती माती आता जगात फक्त या गच्चीवर उरली होती, आणि ती आजारी होती.

खरं तर आजारी होती ती थोडीच. अनसूयाबाईंच्या वांग्यांच्या काही डब्यांत तेवढी कीड असावी. पण त्या गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात काकांनी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या ओतल्या, सगळी माती एका ढिगात मिसळली आणि पुन्हा भरली. का, तर अनसूयाबाईंची माती मोजक्या डब्यांतच होती. बाकीच्यांत इकडची तिकडची. “तिच्या हातची माती साऱ्याइले भेटली पाह्यजे,” ते मला म्हणाले होते. “एकाले सीट अन् दुसऱ्याले उभं, असं कायले?” गाडीत सगळ्यांना सारखं वागवण्याची सवय. त्या सारखेपणानं गच्चीवरचं एकूण एक झाड गेलं. आणि आता वेगळं काढून टाकायलाही काही उरलं नव्हतं. टाकायची तर सगळीच टाकावी लागणार.

रोप सुरुवातीला चांगलं यायचं. मग एखाद्या दुपारी, माती ओली असतानाही, मान टाकायचं. संध्याकाळी सावरायचं, दुसऱ्या दुपारी पुन्हा. पानं पिवळी पडत जायची आणि रोप होतं तिथंच थांबायचं. एकदा काकांनी असं एक वांग्याचं रोप माझ्यादेखत उपटलं. मुळांवर गाठीच गाठी होत्या, मणी ओवल्यासारख्या. मी दचकले. काका मात्र खूश झाले.

“पाहा मॅडम, लाखोरीले असतेत तशा आहेत. गाठी म्हंजे ताकद.”

इकडे धान निघालं की त्याच बांधीत लाखोरीची डाळ पेरतात. लाखोरीच्या मुळांवर गाठी येतात, त्या जमिनीला पोसतात, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काकांचं आयुष्य गाडीत गेलं, झाडांचं सगळं बाई पाहायच्या. पण लहानपणी बापाकडून ऐकलेली ही एक गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती. ते गच्चीवर उकिडवे बसले, त्या मुळांचे कात्रीनं बारीक तुकडे केले आणि ढिगात मिसळले. खत म्हणून. आधीच्या सगळ्या रोपांचंही त्यांनी असंच केलं होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर शोधलं. लाखोरीची गाठ वेगळी आणि वांग्याची गाठ वेगळी. वांग्याच्या गाठीत डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात. मूळ कापून मातीत घातलं की ते मातीभर होतात. सगळं इंग्रजीत होतं, फोटोही होता, अगदी तसाच. संध्याकाळी मी काही न बोलता मोबाईल काकांच्या पुढे धरला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, शस्त्रक्रिया ते पुढे ढकलत होते. मोबाईल लांब धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“हे कुठलं आहे?”

“अमेरिकेतलं असेल,” मी म्हणाले.

“मंग बराबर आहे. तिकडं कोन लाखोरी पेरते.” त्यांनी मोबाईल मला परत दिला आणि टाकीवर दोनदा टकटक केली.

तरी मी दाखवलेलं त्यांच्या मनात कुठंतरी राहिलं असावं. त्या मे महिन्यात त्यांनी सगळी माती काळ्या प्लास्टिकवर पसरली. वरून उन्हात ती इतकी तापायची की हात लावता येत नसे. रोज सकाळी ती खालीवर करायचे. चाळली, शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, राख घातली, कुणी सांगितलं म्हणून कडेनं झेंडू लावला. पहिल्या पावसानंतर लावलेली मिरची महिनाभर छान राहिली. मग एका दुपारी तिनं मान टाकली. काका तिच्याजवळ बसून होते, पाणी घालायलाही उठले नाहीत.

शीलाकाकू भिंतीपलीकडून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “फेका ना हो ते माती एकदाची. कचऱ्याची गाडी येते रोज. नवीन आना, चार दिवसात हिरवं होते सारं.”

“बिमार मानसाले फेकते का कोनी?” काका म्हणाले.

त्यांना त्या मातीतून हवं होतं तेही फार नव्हतं. अनसूयाबाईंच्या आईकडून आलेलं भरताच्या वांग्याचं बी होतं. मोठं, हिरवट, पांढऱ्या रेघांचं वांगं. दरवर्षी एक वांगं बाई झाडावरच पिवळं होऊ द्यायच्या, त्याचं बी काढायच्या, राखेत घोळून औषधाच्या बाटलीत ठेवायच्या. त्या गेल्यापासून एकही झाड तिथवर पोचलं नव्हतं. बाटलीतलं बी दरवर्षी कमी होत होतं आणि जुनं होत होतं. “एक वांगं पिवळं झालं पाह्यजे,” काका म्हणायचे. “एकच. खाऊ नोका. फक्त पिवळं होऊ द्या.”

एकदा त्यांनी चिमूटभर बी माझ्या तळहातावर ठेवलं. “तुमी नव्या मातीत लावून पाहा. मी नाराज नाही होत.” मी नर्सरीतून मातीची पिशवी आणली, खिडकीत ट्रे ठेवला, रोज पाणी शिंपडलं. एकही कोंब आला नाही. बी मेलेलं होतं. इतकी वर्षं ते टिकत नाही, हेही मी वाचलं होतं. मी काकांना एवढंच सांगितलं की नाही आलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, बी दुसऱ्या मातीला ओळखत नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी बाटली मातीच्या डब्यांवर उपडी केली. राखेसकट सगळं बी पेरलं. मागं काही ठेवलं नाही.

आणि एका डब्यात कोंब आला.

त्या दिवशी काकांनी गल्लीत साखर वाटली. नागपूरला लेक होती, वंदना. तिला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल इतका खाली धरला की तिला नुसतं काळं दिसत असणार. वंदना म्हणाली, हो बाबा, वांगंच आहे. शीलाकाकू वर येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, वांगंच आहे, दुसरं काय असणार. डबा सकाळच्या उन्हात, दुपारी सावलीत, संध्याकाळी पुन्हा कठड्याजवळ असा फिरू लागला. रोप जोमानं वाढलं. पानं रुंद झाली, कडा कातरल्यासारख्या. दुपारी मान टाकणं नाही, पिवळं पडणं नाही. काका ब्रश घेऊन यायचे आणि कोरडाच परत न्यायचे. “एक बिनतिकिटा जवळ येऊन नाही राहिला,” ते सांगायचे. “मालकीन ओळखली त्याइनं.”

ते खाली गेले होते तेव्हा मी एक पान बोटांत चुरडलं. उग्र, मळमळायला लावणारा वास आला. हे वांगं नव्हतं; याचं बी शेणखतातून आलं असणार. भिंतीपलीकडे आपल्या गच्चीवर कपडे काढायला आलेल्या शीलाकाकू माझ्याकडे पाहत होत्या.

“माह्या बापाच्या वावराच्या धुऱ्यावर ह्याचंच रान होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “मले नाही का ओळखू येत?”

“मग तुम्ही हो कसं म्हणालात?”

“मंग काय म्हनू. जिवंत तं आहे.”

त्यानंतर मी त्या डब्याकडे पाहणं टाळू लागले. काका पानं मोजून दाखवायचे तेव्हा मी रस्त्याकडे बघत असे.

आता काका नागपूरला लेकीकडे असतात. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, गॅलरीला जाळी आहे. मोतीबिंदू काढला, चांगलं दिसतं, असं शीलाकाकू फोनवर सांगतात. काय करतात दिवसभर, असं मी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, बसतात. साकोलीच्या घरात नवे भाडेकरू आलेत. गच्चीवर त्यांची डिशची छत्री आहे. मातीचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर काका येतात ते तिथले नाहीत; मी साकोली सोडली त्या दिवशीचे येतात.

कचेरीतलं माझं कंत्राट संपलं होतं. बाबा न्यायला आले होते, सामान खाली ऑटोत ठेवत होते. काकांनी जिन्याच्या वरून हाक मारली, एक मिनिट वर या म्हणून. मी गेले. ते उन्हात, डब्यासमोर खाली बसले होते. चष्मा काढून बाजूला ठेवलेला. पानांच्या बेचक्यात एक कळी आली होती. लांब, घडी घातलेली, सरळ आभाळाकडे उभी. वांग्याची कळी अशी नसते, ती जांभळट असते आणि खाली वाकते. काका ती बोटांनी चाचपत होते, वरून खाली, खालून वर.

“शीला हो म्हनते,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “वंदना हो म्हनते. साऱ्या गल्लीनं हो म्हटलं. तुमी याच्याबद्दल अजून काहीच नाही बोलल्या.”

मी रस्त्याकडे पाहिलं.

“जिंदगीभर गाडीत लोकाइचे तोंडं पाह्यले मी. कंडक्टर जवळ आला का जो खिडकीबाहीर पाहते ना, त्याच्यापाशी काही तरी लपवलेलं असते.” त्यांनी कळी सोडली. “तुमी महिनाभरापासून खिडकीबाहीर पाहून राहिल्या. तुमी आता चालल्या. तुमच्याशिवाय मले कोनी सांगनार नाही. वांगं आहे ना, बाई?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम न म्हणता बाई म्हटलं होतं. खाली ऑटोचा हॉर्न वाजला. बाबांनी माझं नाव घेऊन हाक मारली. काका मान वर करून वाट पाहत होते. उन्हात त्यांच्या डोळ्यांतला पांढुरका पडदा स्पष्ट दिसत होता, आणि त्यामागून ते माझा चेहरा शोधत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले, म्हणजे त्यांना तो दिसेल.

“नाही काका,” मी म्हणाले. “धोतरा आहे.”